घरी बनवलेली रेल मिल

अंकुर : आता पाहा बाबा, स्क्रीनवर. क्रेनचा हूक असाच होता न?

गुलाबराव : हाव, अस्साच. आन पत्र्याच्या फटीतून ऊन पडते, तेबी तसंच. सारी नोकरी ह्या क्रेनवर गेली माही. तू तं रूळ बनवाची अख्खी रेल मिलच घरात आनली, बेटा.

अंकुर : एक नट-बोल्टसुद्धा बाहेरचा नाही. सगळी मॉडेलं कॉम्प्युटरवर मीच बनवली, एकेक करून.

गुलाबराव : तुहा दोस्त तयार देत होता न?

अंकुर : प्रवीण. जुनवानीत त्याच्या स्टुडिओत सब रेडीमेड पडून राहते. क्रेन, शेड, मशीन, माणसं. म्हणे उचल, जोड, हप्त्याभरात फिल्म तयार. मी म्हटलं, ती क्रेन कुठल्या तरी बंदरातली आहे, माझ्या बाबांची नाही.

गुलाबराव : आन मी तुले अजून चढवलं. हूक असा नाई, तसा. जिना इकडून नाई, तिकडून.

अंकुर : तुमचं बरोबरच होतं, बाबा.

गुलाबराव : बरोबर होतं. पन दिवाळीत तुह्या मायले दिसत होतं रे. तिलेच तं दाखवायची होती ही फिल्म.

अंकुर : शुगरनं डोळे असे एकदम जातील, किसको पता था?

गुलाबराव : डॉक्टरनं सांगतलं होतं, डोळ्याचा पडदा खराब होऊन राहिला म्हनून. आपन आयकलं, आन घरी येऊन पुन्हा हूक घेऊन बसलो.

(मथुराबाई भिंतीला हात लावत खोलीत येतात.)

मथुराबाई : काऊन इतक्या हळू बोलून राहिले बापलेक?

गुलाबराव : ये. पाय उचलून टाक, खाली वायर हाय. इथं बस, माह्याजवळ.

अंकुर : आई, फिल्म झाली.

मथुराबाई : झाली? मंग लाव न.

अंकुर : आई, पण...

मथुराबाई : मले मालूम हाय मले दिसत नाई. तुमाले तं दिसते. सांगा.

गुलाबराव : हे... हे रोलमधून तापून लाल झालेला रूळ निघून राहिला. सापावानी लांब. खाली मशीनच मशीन. आन वरतून क्रेन येऊन राहिली, हळूहळू.

मथुराबाई : आवाज नाई येत?

अंकुर : आवाज टाकला नाही अजून.

मथुराबाई : राहू दे. आवाज तं आपल्या सेक्टरच्या क्वार्टरातबी येत होता. तुमी कुठं हाय यात?

गुलाबराव : मी? मी वरत. क्रेनच्या केबिनात.

मथुराबाई : शर्ट कोनता घातला? कसे बसले हाय?

गुलाबराव : अंकुर, तू सांग.

अंकुर : केबिन रिकामी आहे, आई.

मथुराबाई : रिकामी?

अंकुर : माणूस बनवणं सबसे कठीण राहते. चेहरा, हात. प्रवीण रेडीमेड माणूस देत होता, हेल्मेट घातलेला. मी नाही घेतला. म्हटलं, बाबा बाबांसारखेच पाहिजेत. शेवटी बनवू म्हणून ठेवून दिलं.

मथुराबाई : अरे, मी काय हूक पाहाले बसली होती? डबा हातात देला का हे सायकलवर टांग टाकून मोडावरून वळून दिसेनासे होत. त्याच्या पुढचं मले कायबी मालूम नव्हतं. तिथं ह्या मानसाले बसलेलं पाह्याचं होतं, बस. तयार मानूस बसवला असता, कोनाचंबी तोंड राहिलं असतं, तरी मी मनात ह्यांचंच लावून घेतलं असतं.

गुलाबराव : माहं चुकलं, मथुरा. पोरगं एकदा म्हनलं होतं, बाबा, सध्या तयारच लावून देऊ का? मीच म्हटलं, तसं नाई चालत.

मथुराबाई : रडू नका दोघंबी. मले आयकू येते.

अंकुर : मी आत्ता जातो प्रवीणकडं. तो रेडीमेडवाला आणतो अन् आजच बसवतो.

मथुराबाई : आता कायले? आता तुह्याच हातानं बनव. नाक नीट काढजो, तुह्या बापाचं जरासं वाकडं हाय.

अंकुर : वेळ लागेल, आई.

मथुराबाई : लागू दे. आता मले कायची घाई.