बॅटरी उतरवतं कोण?

हॅलो?… हां ताई, बोल… बोल गं, मोकळीच आहे. थोड्या वेळाने हॉस्पिटलला निघायचंय… हो, हो, आज घरी सोडतायत सासूबाईंना! गुडघा अजून वाकत नाही, म्हणून तर आमची मोठी गाडी हवी. मागचं सीट आडवं करून गादी टाकलीय. टॅक्सीत पाय कुठे ठेवणार त्या?

गाडीचं नाव काढू नकोस! डोकं उठलंय माझं… अगं, बॅटरी नवीनच आहे… नाही, ही दुसरी. पहिली आमच्या साहेबांनी आणली, स्वस्त मिळाली म्हणून. तर खाचेत मावेचना! वर प्लस भलत्याच बाजूला, वायर पोचेना. जुनीचं माप घेऊन जायचं, एवढंही… हो, हो, परत केली. मग मेकॅनिकने बरोब्बर मापाची बसवली. तीही सारखी उतरते!

ऐक ना… काय करायचं बाकी ठेवलंय? टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, व्हॅसलीन चोपडलं, रोज एक चक्कर मारून आणते. कोथिंबिरीची जुडी आणायलाही हे धूड घेऊन जाते मी! तरी एक दिवसाआड शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून चालू करायची. शेजारीण आता मला बघितलं की पडदा ओढते.

मेकॅनिक? तो म्हणतो, "वहिनी, बॅटरी ठणठणीत आहे. उभ्या गाडीत कुणीतरी काहीतरी चालू ठेवतंय."… कोण म्हणजे? सासरे! संध्याकाळी गाडीत बसून रेडिओ ऐकतात… घरात आमच्या कलकलाटात ऐकू येत नाही म्हणे.

बोलले ना! काल चांगलं फाडफाड बोलले. म्हटलं, बाबा, तुमच्या गाण्यांपायी आईंना हॉस्पिटलच्या दारात ताटकळत बसावं लागेल… मग त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि आत गेले. जेवलेही नाहीत नीट… हो गं, मलाही वाईट वाटलं. पण कुणीतरी बोलायला नको? साहेब तर मिठाची गुळणी धरून बसतात!

काय?… थांब, पंखा कमी करते, ऐकू येईना… कुठून म्हणजे? गाडीतून… अगं, त्या घरात दोन शब्द निवांत बोलता येतात का? रोज इथूनच तर बोलते तुझ्याशी… नाही, इंजिन बंद आहे, पेट्रोल काय फुकट येतं? चावी नुसती अर्धी फिरवायची… हां, पंखा… आणि फोन चार्जिंगला…

तासभर कुठे बोलतो आपण!… बरं, तासभर.

…

ताई?… हसू नकोस… हसू नकोस म्हटलं ना!

थांब, चालू करून बघते… ऐकलंस? नुसतं टक-टक… आता पंखाही थांबला.

अगं बाई, बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घातलाय, काखेत आईंची उशी… काय सांगू गं त्यांना? कुठल्या तोंडाने सांगू?… नाही, ठेवू नकोस. थांब तू.

काय बाबा?… नाही, नाही, माहितीय, काल तुम्ही रेडिओला हातही लावला नाहीत… बाबा, ऐका ना. बॅटरी मीच उतरवली. रोज इथे बसून ताईशी… हो, मीच. उगाच तुम्हाला बोलले काल… उशी द्या इकडे. शेजाऱ्यांकडे जाऊन येते मी… अहो, तुम्ही कशाला?… बाबा!

ताई… गेले गं ते. शेजारणीची बेल वाजवतायत… मला म्हणाले, तू थांब, ती तुझ्यावर चिडलीय. मी सांगतो, म्हाताऱ्याने रेडिओ चालू ठेवला म्हणून…

ठेव गं. ठेव आता फोन.