पितळी वॉशर

—नाही काका, थोडं मागं सरका, ठिणगी उडते. पहार तापायला वेळ आहे, बसा त्या खोक्यावर. आणि जरा मोठ्यानं बोला—माझे कान ठीक आहेत, तुम्हीच पुटपुटता. तर काय सांगत होते—हा हॅमर, हा विजेवरचा घण, आज संध्याकाळी बंद. कायमचा. का म्हणजे? मतदान झालं. मालकानं गाशा गुंडाळला, इमारत पाडायला निघाले, तेव्हा आम्ही कामगारांनी आणि गल्लीतल्या लोकांनी मिळून कारखाना घेतला—एकेका गाळ्यात एकेकाचं काम, आणि ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून. हात वर करताना लोक एकमेकांची तोंडं बघतात, म्हणून वॉशरची युक्ती मीच काढली. प्रत्येकानं आपापल्या मशीनवर पाडून आणायचा—ठरावाला होय असेल तर पितळी, नाही असेल तर लोखंडी—आणि डब्यात टाकायचा. कोणाचा कोणता, कळायला नको.

आणि ठराव काय आला—तर हॅमर बंद करा. त्याच्या दणक्यानं वरच्या नक्षीवाल्याची छिन्नी सरकते, घड्याळवाल्याचे स्क्रू टेबलावरून पळतात. असतील पळत. त्यांचं मला काही वाटत नाही, समोर येऊन बोलले तरी. पण डबा ओतून मोजताना एक पितळी वॉशर माझ्या अंगठ्याला टोचला. कडेला बारीकसा काटा—असा काटा इथं एकाच्याच वॉशरला येतो, माझ्या धाकट्या भावाच्या, या शेजारच्या गाळ्यातल्या. किती वर्षं सांगतेय, वॉशर कापायची डाय झिजली, बदल, बदल. नाही बदलली आळशानं.

काय करणार? टाकला बाकीच्यांत. त्याचा एक नसता तरी हॅमर बंदच पडला असता, ते जाऊ द्या. पण वडील गेल्यावर या भट्टीसमोर मी उभी राहिले, त्याच्या हातात हातोडी मी दिली—तोंडावर सांगायचं होतंस ना, ताई, बंद कर. भांडले असते, अबोला धरला असता, संपलं असतं. मतदानाच्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी खाल्ली त्यानं, आणि वर मलाच विचारतो, आज काय होईल गं? केसानं गळा कापला माझा. हो, डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, हा दणका थांबला नाही तर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. मग? कान माझे आहेत—आणि ती गोष्ट वेगळी, तिचा इथं काही संबंध नाही.

काय म्हणालात? परत सांगा. कोणी पाठवलं तुम्हाला—शेजारच्या गाळ्यातल्यानं? ताईसारखं टोक कोणी काढत नाही, असं म्हणाला? आत्ता? आणि आज शेवटचा दिवस आहे, हे नाही बोलला?

पहार घ्या तुमची. टोक झालेलं नाही, दिसतंय मला. त्याच्याकडेच न्या, देईल मशीनवर घासून. विचारलंच तर सांगा, ताईनं हॅमर आत्ताच बंद केला. या बाजूनं धरा, तिकडून गरम आहे. निघा.