खालच्या फळीवरची बाटली

ती नको, साहेब — तिला हातसुद्धा लावू नका. खालच्या फळीवर, व्हिनेगरच्या मागे ठेवलीय ती काय उगाच? वर बघा, माझ्या मळ्यातल्या वाइन आहेत. ती? ती आमच्या कन्यारत्नाची. पार टेकडीच्या माथ्यावर मळा केलाय बाईसाहेबांनी — दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते हिला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे मी सांगितलं, पण बापाचं ऐकतंय कोण? नुसते दगड तिथे, आणि वारा असा की बांधलेली वेल सकाळी जमिनीवर. द्राक्षं केवढी? मटाराएवढी. माझी तोडणी उरकून पिंपं भरली तरी ही आपली थांबलेलीच — बाबा, अजून गोडी उतरायचीय. म्हटलं, डोंगरावर गोडी नाही, थंडी उतरते. आणि गढूळ किती, बघा ना. गाळतच नाही ती — म्हणे, गाळलं की वाइनचा जीव जातो. घ्या, आता वाइनला जीव.

पैज लावून गेलीय माझ्याशी. एक पेटी तुमच्या दुकानात ठेवते, म्हणाली, छाटणी सुरू व्हायच्या आत सगळी विकली गेली तर मी वरच घर बांधणार — एक जरी बाटली उरली तर खाली येते, तुमच्या हाताखाली राबते. म्हटलं, ये की. तिची खोलीसुद्धा झाडून ठेवली. मग काय, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो, आंबटढाण आहे, घेऊ नका — आणि घेतली नाही कुणी. एकानेसुद्धा नाही.

मग बाकीच्या गेल्या कुठे? तुम्हाला हो काय करायचंय? — प्यायलो मी. चाखल्याशिवाय नावं कशी ठेवणार? पहिलीत खोट सापडेना, म्हटलं दुसरीत सापडेल. आंबट आहे, ते आहेच, पण घोट उतरला की मागे काहीतरी राहतं तोंडात — ओल्या दगडाच्या वासासारखं — जन्म गेला या धंद्यात, माझ्या वाइनला ते कधी आलं नाही. तर खोट शोधता शोधता पेटी संपत आली. परवा ती आली, फळी बघून म्हणते, बाबा, एवढ्या विकल्या? तिचा चेहरा बघितला असतात तर तुम्हीही हो म्हणाला असतात. काय सांगणार होतो, बापच ढोसत बसला म्हणून? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तेव्हापासून ही एक जपतोय. ही आहे तोवर पोर घरी येणार. एकट्याने जेवायचा कंटाळा येतो हो.

नाही म्हटलं ना, विकायची नाही ती — थांबा. बाहेर गाडी थांबली, तिचीच. उद्या छाटणी, आजच बघायला आली असणार.

आणा ती इकडे. धूळ पुसून देतो. घ्या — कागद कशाला, उघडीच न्या, तिच्या समोरून, जरा सावकाश. आणि विचारलंच तिने, तर सांगा, म्हातारा शेवटपर्यंत नको नकोच म्हणत होता. निघा आता.