लाभाची वाटी

धम्मप्रिया: गाळणीचा ड्रम बघितला, पंप चालू आहे, हवेचे चारही दगड बुडबुडे सोडून राहिलेत. मग आबा, हे मासे असे तोंड वर काढून कामून उभे आहेत?

निवृत्ती: गरमी हाय, पोरी. ढग आलेत, हवा पडलीय. मानूस तोंड वासून राहिलंय, त्ये तर मासे.

धम्मप्रिया: गरमी काल पण होती. हे बघा, आत्ता नळीत पाणी घेऊन तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं दिसायला पाहिजे. परवा पोपटी होतं, आज पार हिरवंगार.

निवृत्ती: म्हंजी त्येच ना, माशाच्या मुताचं इख?

धम्मप्रिया: हाव, तेच. अमोनिया. ड्रममधले जिवाणू त्याचं खत करतात, ते खत वाफ्यातल्या पालकाच्या मुळ्या पितात, म्हणून तर आपले मासे जगतात. आता त्यांना झेपेना झालंय. आणि ऊन चढलं की हेच विष दुप्पट जाळतं. आत्ता साडेसात वाजलेत. दुपारपर्यंत काही केलं नाही तर... जाऊ द्या, माझ्या तोंडून निघत पण नाही.

निवृत्ती: त्या कोपऱ्यात बघ. एक तिरपा झालाय.

धम्मप्रिया: कुठं?

निवृत्ती: त्या पाइपाखाली. मेला न्हाई, कल्ले हालून राहिलेत त्याचे. उठ रं राजा, उठ. धम्मे, काहीतरी कर ना गं!

धम्मप्रिया: करते, पण कारण तर कळू द्या! आठ दिवस झाले मी डोकं लावून राहिले. गुरुवारी पाइप बदलला. शनिवारी ड्रमचा बोळा काढून परत भरला. रविवारी वाटलं पंपच कमजोर आहे, दुसरा बसवला.

निवृत्ती: पंपाचा काय दोष होता? चांगला चालायचा बिचारा.

धम्मप्रिया: मग दोष कोणाचा आहे? बसा इथं. माझ्यासंगं हिशोब करा, माझंच कुठंतरी चुकलं असेल. टाकी दहा हजार लिटरची. चाळीस लिटरला एक मासा धरला, म्हणजे अडीचशे. बरोबर?

निवृत्ती: ...हाव.

धम्मप्रिया: रविवारी दहा रोहू काढून तोलले. सरासरी साठ ग्रॅम. अडीचशे गुणिले साठ, पंधरा किलो. त्याच्या शेकडा तीन खाद्य, म्हणजे दिवसाला साडेचारशे ग्रॅम. आता पालकाकडून बघा. एका चौरस मीटर पाल्याला दिवसाचं साठ ग्रॅम खाद्य पचतं. आपले वाफे आठ मीटर. आठ साठे चारशे ऐंशी. साडेचारशे आरामात बसतात त्यात. मग एवढं विष येतंच कुठून?

निवृत्ती: मला काय इचारतीस? मी चावीवाला मानूस. तीस वरसं रेल्वेच्या पटरीच्या चाव्या ठोकल्या. मला साठे-पाढे इचारू नको.

धम्मप्रिया: तुम्ही माझ्याकडं का बघत नाही?

निवृत्ती: माशाकडं बघून राहिलो.

धम्मप्रिया: आबा.

निवृत्ती: काय?

धम्मप्रिया: खाद्याचं पोतं महिनाअखेरीला संपायला पाहिजे होतं. आज वीस तारीख आणि तळ दिसायला लागला. मला वाटलं उंदीर लागले.

निवृत्ती: उंदीर बी हायत की.

धम्मप्रिया: आबा, खरं सांगा. तुम्ही वरून किती टाकता?

निवृत्ती: एक मूठ.

धम्मप्रिया: दिवसाला?

निवृत्ती: सकाळी दोन. सांजच्याला दोन.

धम्मप्रिया: अरे देवा! चार मुठी! म्हणजे दोनशे ग्रॅम रोजचे वरचे! आणि मी पंप बदलत बसले, पाइप बदलत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन राहिले मी. तुम्ही सगळं डोळ्यानं बघत होतात, मला पाना आणून देत होतात आणि तोंडातून एक शब्द नाही काढला?

निवृत्ती: भुके होते त्ये!

धम्मप्रिया: मासा कधी पोट भरलं म्हणतो का? टाकलं की खातो तो.

निवृत्ती: मला शिकवू नको. रोज बघतो मी. तू काट्यावर तोलून दाने टाकतीस आन् मोबाइल घेऊन जातीस. मी हितं उभा ऱ्हातो. मोठ्ठे मोठ्ठे येतात, धुडगूस घालून खाऊन जातात. बारके मागं ऱ्हातात. मंग काठाला येऊन माझ्याकडं बघतात. रिकाम्या तोंडानं जातात खाली. मला न्हाई बघवत! घरात दोन लेकरं आन् एकालाच भाकर, असं कुठं असतं का?

धम्मप्रिया: अडीचशे माशांना साडेचारशे ग्रॅम पोटभर होतं. पुस्तकात लिहिलंय, ट्रेनिंगमध्ये शिकवलं, गेल्या खेपेला तिथले सर आले, त्यांनी पण बघून सांगितलं.

निवृत्ती: अडीचशेला पुरत असंल.

धम्मप्रिया: म्हणजे?

निवृत्ती: काही न्हाई. त्यो तिरपा बघ, सरळ झाला वाटतं.

धम्मप्रिया: आबा, "अडीचशेला पुरत असंल" म्हणजे काय? टाकीत किती आहेत?

निवृत्ती: मी कशाला मोजाय बसतो?

धम्मप्रिया: उदगीरला माशांची पिल्लं, बोटुकली, आणायला तुम्ही गेला होतात. मी इथं टाकी भरत होते. पावतीवर अडीचशे आहेत.

निवृत्ती: पावती बराबर हाय. बोटुकली इकणारा मल्लिनाथ इमानदार पोरगा हाय, त्याला नावं ठेवू नको.

धम्मप्रिया: मग?

निवृत्ती: वाटीनं मोजतात गं त्ये. एका वाटीत पन्नास. आता धान मोजताना कसं, पयल्या मापाला कुणी एक म्हनत न्हाई. लाभ म्हनतात. लाभ, दोन, तीन.

धम्मप्रिया: माहीत आहे. पुढं?

निवृत्ती: त्यानं पयली वाटी वतली आन् म्हनला लाभ. दुसरी घेतली, म्हनला दोन. मी हात धरला त्याचा. म्हनलो, न्हाई गा, आमच्याकडं लाभ येगळा आन् एक येगळा. लाभ झाला, आता एकापासनं मोज.

धम्मप्रिया: आपल्याकडं कधीपासून असं आहे?

निवृत्ती: न्हाईच हाय. पर बोलून बघितलं. त्यो हासला. म्हनला, मामा, तुमी तर आमच्या आडत्यालाबी विकून खाताल. आन् दिली की त्यानं!

धम्मप्रिया: म्हणजे पन्नास वर.

निवृत्ती: मंग शेवटाला म्हनलो, पोरीनं पयल्यांदाच घातलंय, तिच्या नावानं एक वाटी टाक. त्येबी टाकली.

धम्मप्रिया: शंभर! आबा, साडेतीनशे मासे आहेत टाकीत! मी निघताना काय म्हणाले होते? एकही जास्त नको म्हणाले होते ना?

निवृत्ती: मला वाटलं तू लाजून म्हनून राहिलीस! फुकाट मिळणारं कुणी नको म्हनतं का? वाटलं, पाच-पन्नास मरत्यालच, पोरीचं नुकसान व्हायला नको. तर मेले किती? चार. लई जपलं मी त्येंला.

धम्मप्रिया: थांबा, थांबा. साडेतीनशे गुणिले साठ. एकवीस किलो. शेकडा तीन... सहाशे तीस ग्रॅम. आणि माझे साडेचारशे, तुमचे दोनशे. साडेसहाशे.

निवृत्ती: म्हंजी?

धम्मप्रिया: म्हणजे तुमच्या मुठीचं माप बरोबर होतं, आबा. वीस ग्रॅमचा फरक. मासे खरंच उपाशी राहिले असते.

निवृत्ती: मंग मी चुकलो कुठं?

धम्मप्रिया: पालक आठच मीटर आहे ना! मासे जेवले, त्यांची घाण उरकायला कोणी नाही. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी वाफे वाढवले असते, दुसरा ड्रम लावला असता. माझा राग मुठीवर नाही. तीन महिने तुम्ही माझ्यापासून लपवलं!

निवृत्ती: सांगितलं असतं तर तू खाद्याचा डबा माझ्या हातातून काढून घेतला असतास.

धम्मप्रिया: हाव, घेतला असता.

निवृत्ती: त्याचंच भ्या होतं. तुझी माय गेली आन् मी रिटायर झालो, दोन्ही एकाच वरसात. पहाटं डोळे उघडायचे आन् उठायचं कशाला त्येच कळायचं न्हाई. आता उठतो. कोन तरी वाट बघून राहिलंय म्हनून उठतो. त्यो डबा घेऊ नको माझ्याकडून.

धम्मप्रिया: आत्ता डब्याचं नाही, माशांचं बोला. आज दाणा बंद, एकदम बंद. तिसरा हिस्सा पाणी बदलायला पाहिजे. बोअर किती चालतं?

निवृत्ती: मे महिना हाय. पंधरा मिन्टं चालतं आन् फुरफुर करतं.

धम्मप्रिया: मग तेवढ्यानं भागत नाही. शंभर मासे बाहेर काढायला पाहिजेत, आत्ताच्या आत्ता. जवळ भरलेलं पाणी एकच आहे. दगडोबा काकांचं शेततळं.

निवृत्ती: न्हाई.

धम्मप्रिया: मासे असे वर आलेले दिसताच मी दयानंदला फोन केलाय, त्यांच्या पोराला. तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन निघालाय. पण म्हणाला, तळ्याचं बापूला विचारा, माझं ऐकत नाहीत.

निवृत्ती: त्या घरी मी मागाय जात न्हाई. माझ्या मायनं मागितलं तेवढं बास झालं.

धम्मप्रिया: मग मी विचारते.

निवृत्ती: तू तर मुळीच न्हाई! तू त्या बांधावर हात जोडून उभी ऱ्हायची? मी जित्ता असताना?

धम्मप्रिया: मग सांगा, काय करू? तुम्ही म्हणाल ते करते. हा बघा, अजून एक तिरपा झाला. आता दोन झाले.

निवृत्ती: मी मागतो. जाळं कुठं ठेवलंस? मोठे मोठे काढ. त्येंला दम असतो, वाट सोसत्याल. रिकाम्या ड्रमात टाकीतलंच पाणी भर. चल, बघत काय बसलीस!

(दगडोबांच्या शेततळ्याची कड. उभ्या गाडीवर दोन निळे ड्रम.)

दगडोबा: मासे? गळ्यात तुळशीची माळ हाय माझ्या, निवृत्ती. माझ्या तळ्यात मासे?

निवृत्ती: मारायला न्हाई आणले, जगवायला आणलेत.

दगडोबा: केळीचं पाणी हाय त्ये.

धम्मप्रिया: काका, माशांचं पाणी केळीला चांगलंच असतं. पंधरा दिवस फक्त. मी दुसरा ड्रम बसवते, वाफे वाढवते, की घेऊन जाते.

दगडोबा: तू नको बोलू, बाई. बापाला बोलू दे. तीस वरसं ह्या बांधावरून पटरीला गेला त्यो. उन्हातान्हात गेला, कधी तांब्याभर पाणी मागितलं न्हाई माझ्याकडं. आज कसा आला?

निवृत्ती: माय मागायची माझी. तुमचे वडील वरून वतायचे, ती खाली बसून ओंजळीनं प्यायची. मी तिचा पदर धरून उभा ऱ्हायचो. म्हनून न्हाई मागितलं.

दगडोबा: ...ठाव हाय मला. मीबी तिथंच असायचो. मोटंवर.

निवृत्ती: आज मागून राहिलो. ऊन चढायला लागलं, दगडोबा. न्हाई म्हनायचं तर लवकर म्हना, म्हंजी दुसरं काही बघतो.

दगडोबा: दुसरं काय बघणार? पाणी कुठं हाय दुसरीकडं? उतरव ड्रम.

धम्मप्रिया: थांबा, थांबा, एकदम नका सोडू! तळ्याचं पाणी थंड आहे, झटका बसेल. आधी तळ्यातलं थोडं थोडं ड्रममध्ये मिसळायचं. अर्धा तास.

दगडोबा: आण त्यो तांब्या. मी घालतो, तुमी ड्रम धरा.

निवृत्ती: असं उभ्यानं नका घालू. दणका बसतो त्येंला. खाली बसा जरा. ड्रमाच्या काठाला टेकवा, मंग सोडा.

दगडोबा: गुडघे धरलेत रे माझे. हां, बसलो. असं?

निवृत्ती: असंच. हळू.

धम्मप्रिया: आबा, एक मेला तर नाही ना ह्यात?

निवृत्ती: न्हाई. सगळे हालून राहिलेत. तू गणती नको करू, ड्रम धर.

धम्मप्रिया: तिकडं टाकीत अडीचशे आहेत. मला जाऊन थेंब टाकून बघायला पाहिजे. पाणी अजून हिरवंच असलं तर?

निवृत्ती: असंल तर परत काही करू. आता हे सोडू. तिरपा कर ड्रम. आजून. आजून. जा रं बाबांनो.

दगडोबा: गेले की सगळे! एकबी दिसंना.

धम्मप्रिया: आबा, मी गाडीनं पुढं जाते. तुम्ही येता?

निवृत्ती: तू हो पुढं. बोअर चालू कर, पंधरा मिन्टं तर पंधरा मिन्टं. आन् दाना टाकू नको.

धम्मप्रिया: मी टाकू नको? मी?

निवृत्ती: बरं बाई, मी टाकनार न्हाई. उद्यापासनं तू तोलून दे, मी घालतो. वर एक दाना न्हाई. झालं? जा आता.

धम्मप्रिया: फोन उचला लगेच. मी रंग बघितला की लावते.

दगडोबा: गेली बघ गाडीकडं पळत. चप्पल बी इसरली. निवृत्ती, उन्हात कामून बसलास? लिंबाखाली ये की.

निवृत्ती: बसतो हितंच.

दगडोबा: ते वर आले म्हंजी चांगलं का वाईट?

निवृत्ती: वाईट. दम कोंडला की वर येतात. बरं असलं की दिसत न्हाईत.

दगडोबा: मंग जे दिसतच न्हाईत त्येंच्याकडं बघत काय बसलाईस?

निवृत्ती: दिसू नयेत म्हनून.