झाडाला कोणाचं पाणी चालतं

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, सासर बी तिकडचंच. दोन्हीकडे आमची वस्ती गावाच्या कडेला आणि विहीर गावात, आणि त्या विहिरीला आमचा हात लागलेला चालायचा नाही. माझी आई हंडा खाली ठेवून बाजूला उभी राहायची, कोणा बाईला दया आली तर ती वरून ओतायची, नाही आली तर आई तशीच उन्हात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, सर, ऐकीव नाही सांगत. लग्न झाल्यावर आमचे मालक सुरतेला कापडाच्या लूमवर लागले आणि आम्ही जवळच कडोदऱ्याला खोली घेतली. खोली कसली, पत्रा आणि चार भिंती, दिवसरात लूमचा खटखट आवाज. पण नळावर कोणी जात विचारली नाही. भांडणं व्हायची, हंडे आपटायचे, तरी जात नाही विचारली. मला त्याचंच मोठं नवल वाटायचं.

तिथे मी कॅनॉलच्या कडेला एका नर्सरीत कामाला जायची. पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, पाणी घालायचं. शेठ गुजराती, बोलायला कडक पण माणूस चांगला. एकदा कॅनॉल बंद होता म्हणून मी बोरिंगचं पाणी घालायला निघाले तर ओरडलाच, बेन, नाना छोडने खारुं पाणी न अपाय. म्हणजे लहान रोपाला खारं पाणी देत नाहीत. मोठं झाड सहन करतं, लहानाची पानं कडेने जळतात आणि मातीवर पांढरी साय धरते. मी मनात म्हटलं, पाणी ते पाणी, त्यात काय निवडायचं? आमच्या गावाला गढूळ मिळालं तरी दिवाळी व्हायची. पण पुढे बघून बघून मला समजायला लागलं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, ते रोपाला बी नको.

मग आम्ही सुरतेतच कोसाडला राहायला आलो. तिथे आपले लोक पुष्कळ, खानदेशातले, थोडे विदर्भातले. सगळ्यांनी मिळून पत्र्याचं विहार उभं केलं आणि पुढे बोधिवृक्ष लावला. तो वाळला. कोणी म्हणे माती वाईट, कोणी म्हणे बकरीने तोंड लावलं. तेव्हा काशिनाथबाबा स्वतः गावाला गेले. हे बाबा आमच्या वस्तीतले सगळ्यात जुने, गिरणीत आयुष्य गेलं, बायको वारली, मूलबाळ नाही. त्यांच्या गावच्या विहारात मोठा पिंपळ आहे, त्याचं रोप त्यांनी भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने मांडीवर धरून आणलं. म्हणाले, हे जगवा, आता माझ्याच्यानं परत जाणं होणार नाही.

आणि बाबांनीच रीत घातली होती, की रोज प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी झाडाला यावं. कोणाचंच पाणी परत जाऊ नये. ते असं का म्हणत, ते आम्हाला कोणी समजवायची गरज नव्हती. पण काय सांगू तुम्हाला, नळाला पाणी यायचं थोडा वेळ, ते प्यायला, आणि बाकी सगळ्याला वस्तीतलं बोरिंग, खारट. तर झाडाला यायचं ते बोरिंगचंच. एवढ्या घरांचे तांब्ये, एवढी भक्ती, आणि महिन्याभरात पानांच्या कडा करपलेल्या.

मी रविवारच्या वंदनेनंतर उभी राहून बोलले. बोलायची सवय नाही, सरळ तोंडातून निघालं, उद्यापासून झाडाला तुमचं पाणी घालू नका. खाऱ्या पाण्याचं सांगायला गेले तोवर शेजारची इंदू म्हणाली, आली मोठी नर्सरीवाली, आता झाडाला बी हिला विचारून पाणी पाजायचं. बायका हसल्या. बाबा नाही हसले. ते घरात बोलतात तशा अहिराणीत म्हणाले, आमनं पानी चालत नई म्हननारं गाव सोडीसन मी आठे उनू, नि आते तू बी तेच म्हनस? म्हणजे, आमचं पाणी चालत नाही म्हणणारं गाव सोडून मी इथे आलो, आणि आता तू बी तेच म्हणतेस. आणि काठी टेकत निघून गेले.

ते विहारात यायचे बंद झाले. लोक तांब्ये आणतच राहिले, उलट जास्त. मी कोणाचा हात धरणार? रोज करपलेलं पान खुडायची आणि वाटायचं, हे गेलं तर म्हाताऱ्याचं सगळंच गेलं, आणि नाव माझं होणार, की हिने तोंडातून काढलं म्हणून गेलं.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. रागावलेले असले तरी घरात आलेल्या माणसाला पाणी तर देणारच. त्यांनी उठून माठातलं पेलाभर दिलं. गोड, थंड. मी प्याले आणि विचारलं, बाबा, मला बोरिंगचं का नाही दिलं? ते म्हणाले, पाहुण्याला कोणी बोरिंगचं देतं का, येडी. मी म्हटलं, ते रोप बी पाहुणंच आहे की, तुमच्या मांडीवर बसून आलेलं. बाबांनी पेला परत घेऊन माठावर पालथा घातला. मग म्हणाले, तू वकील व्हायला पाहिजे होतीस, पिशव्या काय भरत बसली.

दुसऱ्या दिवशी विहारापुढे ड्रम ठेवला. सुरतेत प्लेग आला त्या सालापासून नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या पावडरीचा वास फार यायचा, म्हणून झाकण न लावता रातभर राहू द्यायचं. बाबांनी आपल्या माठातला पहिला तांब्या त्यात ओतला आणि सगळ्यांना म्हणाले, रीत तीच, घर एक तांब्या एक, फक्त जे पाहुण्याला द्याल ते आणा. इंदू कुरकुरली, आम्ही काय प्यायचं मग? पण आणला तिने. मी मातीवरची पांढरी साय खरवडून काढली, गोड्या पाण्याने माती चांगली धुतली, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रमात धरलं. हळूहळू कोंब फुटला, तांबूस, पिंपळाचा असतो तसा.

आता ते झाड विहाराच्या पत्र्याच्या वर गेलंय. बाबा थकलेत, पण संध्याकाळी त्याच्याखाली खाट टाकून पडून असतात. परवा एक बाई, अकोल्याकडची, वस्तीत नवीनच आलेली, बोरिंगची बादली घेऊन उभी राहिली. कोणीतरी तिला काही सांगितलं असणार, कारण तिने भीत भीत विचारलं, ताई, माझं पाणी चालेल ना झाडाला? मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाटेवर उठून बसले. मी म्हटलं, घाला बाई, मुळं खोल गेलीत त्याची, आता त्याला सगळ्यांचं चालतं.