लाल शाल

प्लास्टर घातलेला हात सांभाळत बसचालक एक्स-रेसाठी बसला होता. समोरच्या बाकावर दोघी विहिणी होत्या. मुलाची आई लाल कपड्यांत होती. मुलीची आई परदेशातून आलेली, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. लेकीकडे राहून भाषा शिकलेली. आठव्या महिन्यातच आत लेकीचं ऑपरेशन चाललं होतं.

“विहीणबाई, राग मानू नका. माझी ही लाल शाल अंगावर घ्या.”

“मला थंडी नाही.”

“थंडीसाठी नाही हो. आमच्यात माणूस गेलं की पांढरं घालतात. सकाळपासून तुमच्याकडे बघवत नाहीये मला.”

“आमच्याकडे माणूस गेलं की लाल घालतात. मीही सकाळपासून तुमच्याकडे बघत नाही.”

“अगं बाई. मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं. बाळ येतं तेव्हा आम्ही पांढरं घालतो.”

“आणि मी हे लाल त्याच्यासाठीच काढलं हो.”

बसचालकाचा नंबर पुकारला गेला. तो जागचा हलला नाही. तेवढ्यात समोरचं दार उघडून नर्स बाहेर आली.

“मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.”

“माझी लेक शुद्धीवर आली?”

“आली. तुम्हालाच विचारतेय.”

“आणि बाळ? निळं-बिळं नाही ना पडलं?”

“छे हो. चांगलं लालबुंद आहे. रडून दवाखाना डोक्यावर घेतलाय.”

“लाल. विहीणबाई, ऐकलंत? लाल आहे.”

“ऐकलं हो. डोळे पुसा आधी. शाल राहू दे, माझा आग्रह नाही.”

“द्या इकडे. आता थंडी वाजतेय.”