चार महिने ऐकलेली खडखड

पौडच्या एसटी थांब्यावर नथूनं नसीर मिस्त्रीला गाठलं, तसे मागं एसटीची वाट बघत उभ्या शेजारच्या चाँदबीनं कान टवकारले.

“मिस्त्री, मोटारीची टायमिंग चेन बदलायची कवा?”

“खडखडली की लगीच. तुटली तर चालतं इंजन बंद पडंल. कुणाची हाय?”

“चुलतभावाची. रोज दारावरनं मिरवतोय. चार म्हैनं खडखड ऐकतोय मी.”

“मंग सांगितलं न्हाई?”

“कशाला? तुटू दे घाटात! ढकलताना बघू दे लोकांला.”

“आज कुटं गेलाय?”

“ताम्हिणीला, लग्नाला. मलाबी बस म्हणला. मी? त्याच्या गाडीत? हॅट्!”

“अन् तुझ्या घरची वैनी?”

नथूनं मिस्त्रीची बाही धरली.

“ती बसली. आमच्या पोरीला घिऊन. मिस्त्री… आजच्या दिस टिकंल न्हवं ती चेन?”